झरोका उघडायचा कोणी?

धाराशिव जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरात भर दुपारी पाऊल टाकले की प्रथम काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले म्हणजे जमिनीवर उजेडाचा एक ठिपका दिसू लागतो, आणि मान वर केली की मातीच्या छतात ठेवलेले वीत-दीड वीत रुंदीचे भोक. त्याला साणे म्हणतात. चुलीचा धूर तेथून बाहेर जाई, उजेड तेथूनच आत येई. चोरापोरांच्या भयाने भिंतीला खिडकी ठेवण्याची रीत नव्हती. असलीच तर ती हातभर, जाडजूड भिंतीत खोल बसवलेली. म्हणजे घराचा डोळा, नाक आणि धुराडे अशी तिन्ही कामे त्या एका भोकाकडे असत. पावसाचे चार थेंब पडले की घरातील एखादे पोर निसणीवरून माळवदावर पिटाळले जाई. ते साण्यावर फरशीचा तुकडा किंवा पालथे मडके ठेवून भिजत खाली येई. पाऊस उघडला की पुन्हा वर.

खिडकी उंच असली म्हणजे ती उघडायला आणि मिटायला कोणाला तरी वर जावे लागते, ही गोष्ट इतकी साधी आहे की तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष गेलेले नाही. वास्तू कोणत्या शतकात बांधली, कोणी बांधली, तिला खांब किती, ह्याच्या नोंदी आपल्याला मिळतात. झडप रोज कोण उघडत होता हे मात्र शोधावे लागते. आमच्या धर्मग्रामात गेल्या वर्षी चर्चच्या उंच खिडक्यांना हाताचे यंत्र बसवावे की विजेचे, असा वाद निघाला, तेव्हा आम्ही ह्या विषयाचे जमेल तेवढे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जगातील सर्वांत मोठे साणे रोम शहरात आहे. सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पुरे झालेल्या पॅन्थिऑनच्या घुमटाला माथ्यावर सुमारे नऊ मीटर व्यासाचे उघडे वर्तुळ आहे. ६०९ साली पोप बोनिफेस चौथे ह्यांनी ते देवालय पवित्र मरिया आणि सर्व रक्तसाक्षी ह्यांना वाहिले, आणि तेव्हापासून ते चर्च आहे. त्या वर्तुळाला झाकण नाही. पाऊस आत पडतो आणि फरशीतील छिद्रांतून वाहून जातो. पेंटेकॉस्टच्या दिवशी अग्निशामक दलाचे जवान घुमटावर चढून त्या भोकातून गुलाबाच्या लाल पाकळ्या खाली सोडतात. वर चढणाऱ्या माणसाची तेथे निदान वर्षातून एकदा तरी आठवण होते.

आपल्याकडेही उंच खिडकी प्रथम आली ती न मिटणारी. कार्ल्याच्या चैत्यगृहात दाराच्या वर घोड्याच्या नालाच्या आकाराची भव्य कमान आहे. तीतून येणारा प्रकाश अडतीस मीटर लांबीच्या त्या दालनात थेट स्तूपापर्यंत पोचतो. तिला दार नाही, ते असावे अशी कल्पनाही नव्हती. आमच्या जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे असून पाठीमागे अर्धगोल आहे; मूळचे ते बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासकांचे मत आहे. त्याच्या पुढील मंडपाच्या छपरावर नजर टाकली तर तीच चैत्यकमान दिसते. अशा कमानीला आपल्या शिल्पशास्त्रात गवाक्ष म्हणतात, म्हणजे गाईचा डोळा. गंमत अशी की फ्रेंच लोक भिंतीत उंचावर ठेवलेल्या गोल खिडकीला बैलाचा डोळा म्हणतात. दोन्ही देशांतील गवंड्यांना गोठाच आठवला.

उजेड आणि हवा ह्यांची ताटातूट पुढे झाली. इजिप्तमध्ये कर्नाकच्या देवळात, येशूजन्माच्या सुमारे तेराशे वर्षे आधी, १३४ खांबांचे एक प्रचंड दालन उभे राहिले. मधल्या ओळीचे खांब बाजूच्या खांबांपेक्षा उंच घेतले आणि त्या उंचीच्या फरकात दगडी जाळ्या बसविल्या. बाजूचे छप्पर ठेंगणे, मधले उंच, आणि दोहोंच्या मधल्या भिंतीत खिडक्यांची ओळ, ही रचना रोमन लोकांनी आपल्या न्यायसभांच्या इमारतींत उचलली. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्मावरील बंदी उठल्यावर ह्याच सभागृहांचा नकाशा चर्चने घेतला. रोममधील सान्ता सबिना हे चर्च ४२२ ते ४३२ ह्या काळात बांधलेले. त्याच्या उंच खिडक्यांत काचेऐवजी सेलेनाइट नावाच्या अर्धपारदर्शक खनिजाच्या चकत्या आहेत. आत येणारा प्रकाश मधासारखा मऊ, पण वाऱ्याची झुळूक मात्र नाही. गोव्याच्या जुन्या चर्चमधून आणि घरांतून शिंपल्यांची तावदाने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. चौकटीत बसविलेला शिंपला ऊन गाळून घेतो. हवेसाठी मात्र खिडकीचे दारच उघडावे लागते, आणि ते हाताच्या टप्प्यात असले तर उघडते.

दाटीवाटीच्या सभेत हवेचे काय होते ह्याची जुन्यातली जुनी ख्रिस्ती नोंद प्रेषितांच्या कृत्यांत, विसाव्या अध्यायात आहे. त्रोवस येथे संत पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबले. माडीवर पुष्कळ दिवे होते असे लूक मुद्दाम सांगतो. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता. त्याला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला जिवंत वर आणले म्हणून आपण त्या प्रसंगाचे स्मरण आनंदाने करतो. परंतु तेलाचे दिवे, माणसांची गर्दी आणि खिडकीत हवेला जाऊन बसलेला मुलगा, हे तीन तपशील एकत्र वाचले तर दोष एकट्या लांबलेल्या प्रवचनाचा होता असे आम्हाला वाटत नाही. (धर्मगुरूंची बाजू घेतल्याचा आरोप येथे होऊ शकतो.)

दोर आणि कप्पी चर्चच्या छताला फार पूर्वीपासून माहीत होती, पण ती वेगळ्या कामासाठी. मध्ययुगात जर्मन भाषिक प्रदेशातील काही चर्चच्या कमानदार छताला मध्यभागी एक गोल भोक ठेवीत. स्वर्गारोहणाच्या सणाला प्रभूची मूर्ती दोराने त्यातून वर ओढून घेत, आणि पेंटेकॉस्टला लाकडी कबुतर त्यातूनच खाली सोडीत. सणाला जो दोर चालत होता तो रोजच्या खिडकीला फार उशिरा लागला.

आमच्या भागात तो बंगल्यांबरोबर आला असे मानता येते. १८५३ च्या तहाने निजामाने नळदुर्गचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला आणि १८६० मध्ये तो परत मिळविला. त्या काळात, १८५३ पासून चार वर्षे, फिलिप मेडोज टेलर हा लेखक-अधिकारी नळदुर्गला कारभार पाहत होता. ह्याच नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. बाहेर पाण्याचा पडदा कोसळतो आणि आत बसलेला माणूस कोरडा राहून गारव्यात बसतो. आदिलशाही कारागिरांनी उन्हाळ्यावर काढलेला तो तोडगा राजाला परवडणारा होता. गोऱ्या अधिकाऱ्यांनी काढलेला तोडगा साधा होता. मधले दालन उंच, भोवती चहूबाजूंनी ओसरी. ओसरीमुळे ऊन भिंतीला लागत नाही, पण दालनात अंधार होतो. म्हणून ओसरीच्या छपराच्या वर, मधल्या भिंतीत, लहान लहान खिडक्या. निजामाच्या राज्यात, जेथे कचेरीची भाषा उर्दू होती, तेथे त्यांना रोशनदान असे सुंदर नाव मिळाले. मराठवाड्यातील जुन्या शाळा, तहसील कचेऱ्या आणि डाकबंगले ह्यांत हा शब्द आणि ही वस्तू अनेकांनी पाहिली असेल.

रोशनदानाची करामत त्याच्या बिजागरीत होती. चौकट वरून किंवा बाजूने टांगलेली नसून मध्यावर दोन खुंट्यांवर तोललेली असे. त्यामुळे वरची कड आत आली की खालची कड बाहेर जाई, आणि झडप हलवायला फारसे बळ लागत नसे. वरच्या कडेला एक दोर, खालच्या कडेला दुसरा. दोन्ही खाली आणून भिंतीतील खुंटीला गुंडाळलेले. एक ओढला की उघडे, दुसरा ओढला की बंद. बसल्या जागी चौदा-पंधरा फुटांवरची खिडकी उघडण्याची ही आपल्याकडील पहिली सार्वत्रिक सोय. तिचे शत्रू तीन : ऊन, उंदीर आणि रंगारी. उन्हाने दोर कुजे, उंदराने तो कुरतडे, आणि रंगारी चौकटीसकट बिजागरीवर तेलरंगाचा असा हात मारी की झडप कायमची मिटे. दोर तुटल्यावर नवा ओवायला शिडी आणावी लागे, आणि ती आणायचे काम उद्यावर पडे. आम्ही पाहिलेल्या रोशनदानांपैकी बहुतेक अशीच रंगाखाली गाडली गेलेली होती.

उंच झडपेमागे आरोग्याचा विचार होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात आजाऱ्याच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकी स्वच्छ ठेवणे ही पहिली गोष्ट मानली, आणि हिंदुस्थानात कधीही न येता येथील लष्करी बराकींच्या हवेबद्दल १८६३ च्या शाही आयोगासाठी मोठे काम केले. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी चाळींतील अंधाऱ्या खोल्यांची कौले काढली, भिंतींना आणि छपरांना भगदाडे पाडली, उजेड आणि हवा आत यावी म्हणून. ज्यांनी वेळेवर झरोका ठेवला नाही त्यांच्या घराला सरकारने पहारीने ठेवला. त्या जुलमाच्या कथा आपण ऐकल्या आहेत. प्लेग हवेने नव्हे तर उंदरांवरील पिसवांनी पसरतो हे नंतर सिद्ध झाले. तरीही अंधाऱ्या खोलीत राहणे चांगले, असे त्यावरून कोणी म्हणू नये. क्षय हवेनेच पसरतो.

दोराची जागा दांड्याने आणि चाकाने घेतली ती माणसांसाठी नव्हे, झाडांसाठी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंतांनी उष्ण कटिबंधातील वनस्पतींसाठी काचेची घरे बांधली. काचघरात ऊन वाढले की तासाभरात रोपे करपतात, म्हणून छपराची झडपे दिवसातून अनेकदा उघडावी-मिटावी लागत. एका माळ्याने प्रत्येक झडपेपाशी शिडी नेणे शक्यच नव्हते. जोसेफ पॅक्स्टन हा मूळचा माळीच. १८५१ च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनासाठी त्याने क्रिस्टल पॅलेस उभारला, तेव्हा हवेसाठी लोखंडी पात्यांची झडपे अशा रीतीने जोडली होती की एका ठिकाणी यंत्र फिरविले म्हणजे त्यांची लांबच लांब ओळ एकदम उघडे.

ह्या यंत्रांतील खरी युक्ती मळसूत्राची. दोर सोडला की झडप वाऱ्याने आपटते; दात्यांचे साधे चाक असेल तरी वारा ते उलटे फिरवू शकतो. परंतु मळसूत्राचा दांडा चाकाच्या दात्यांत अडकविला, तर दांडा चाकाला फिरवितो, चाक दांड्याला फिरवू शकत नाही. खाली हँडल फिरविणे थांबले की वरची झडप आहे त्या जागी घट्ट राहते, मग वावटळ येवो की वादळ. पुढे विसाव्या शतकात नळीतून सरकणारी पीळदार तारही आली. ती कोपरा वळून जाऊ शकते, म्हणून खिडकी जेथे आहे त्याच्या नेमके खाली हँडल असण्याची गरज उरली नाही.

सोलापूरच्या गिरण्यांत आमच्या जिल्ह्यातील कित्येक घरांचे आजे-पणजे राबले. १८७७ मध्ये सुरू झालेल्या तेथील जुन्या मिलपासून गिरण्यांची जी रांग उभी राहिली, तीत करवतीच्या दात्यांसारखी छपरे आणि त्यांची उत्तरेकडे तोंड केलेली काचेची उभी बाजू हे नेहमीचे दृश्य होते. उत्तरेचा उजेड सौम्य, सावली न पाडणारा. सूत तपासायला उत्तम. मात्र सूत कोरड्या हवेत तुटते. म्हणून विणकामाच्या खात्यात दमटपणा राखीत आणि काचा शक्यतो बंद ठेवीत. डोक्यावर एवढी मोठी खिडकी असूनही कामगार घामाने निथळत राही. येथे झडपेपर्यंत हात पोचत नव्हता असे नाही. तो पोचू द्यायचा नाही असे मालकाने ठरविले होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १३ खाली खेळती हवा आणि सुसह्य उष्णता ही मालकाची जबाबदारी ठरली.

उंच झडप बंद राहिली तर काय होते ह्याचे सर्वांत भयंकर उदाहरण अमेरिकेतील आहे. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहात नाताळच्या सुटीतील दुपारचा खेळ चालू होता. प्रेक्षकांत बायका आणि मुले पुष्कळ. रंगमंचावर आग लागली. रंगमंचाच्या वर, छपरात, धूर बाहेर जाण्यासाठी झडपा केलेल्या होत्या, परंतु त्या बंद करून पक्क्या केलेल्या होत्या. नाट्यगृह उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते. नटांनी पळण्यासाठी मागचे दार उघडताच बाहेरची थंड हवा आत घुसली, आणि वर जायला वाट नसलेली आग आडवी होऊन प्रेक्षकांवर आली. सहाशेहून अधिक माणसे मेली. पन्नास वर्षांनी, १२ ऑगस्ट १९५३ रोजी, मिशिगन राज्यातील लिव्होनिया येथे जनरल मोटर्सचा प्रचंड कारखाना जळाला. त्याच्या अखंड छपरालाही धुराला वाट नव्हती. त्यानंतर मोठ्या कारखान्यांच्या छपरांत आपोआप उघडणाऱ्या झडपांचा आग्रह वाढला. त्यांच्या कडीत लवकर वितळणाऱ्या धातूचा तुकडा असतो. ठरावीक उष्णतेला तो वितळला की स्प्रिंग झडप उडविते. तेथे मनुष्य लागत नाही आणि वीजही नाही. काचघरांसाठी ह्याच जातीचे एक सौम्य यंत्र मिळते : नळीत मेण भरलेले असते, ऊन वाढले की ते फुगून दट्ट्या ढकलते आणि हलकी झडप उघडते, संध्याकाळी मेण आकसले की मिटते. चर्चमध्ये मेणाचा हा उपयोग अजून कोणी केलेला आमच्या पाहण्यात नाही.

विजेची मोटार ह्या वाटेवरील शेवटची पायरी. खिडकीच्या चौकटीवर हातभर लांबीची डबी बसवितात. तिच्या पोटात सायकलच्या साखळीसारखी साखळी गुंडाळलेली असते. फरक एवढाच की ही साखळी एकाच बाजूला वाकते. दुसऱ्या बाजूला तिच्या कड्या एकमेकींना टेकतात, म्हणून बाहेर आल्यावर ती काठीसारखी ताठ होऊन झडप ढकलू शकते. काही मोटारी घरच्या २३० व्होल्टवर चालतात, काही २४ व्होल्टवर. दुसऱ्या प्रकाराला बॅटरीचा आधार देणे सोपे. भिंतीवरील बटणाऐवजी हातातील रिमोटनेही त्या चालतात, आणि पावसाचा थेंब ओळखणारी चकती जोडली तर पाऊस येताच स्वतः मिटतात. माळवदावर पळणाऱ्या पोराचे काम ती चकती करते. उलट टोकाचे उदाहरण रोमचेच. सिस्टाइन चॅपेलच्या चित्रांच्या जीर्णोद्धारानंतर, शहराची धूळ आत येऊ नये म्हणून, १९९० च्या दशकात उंच खिडक्यांवर विसंबणे सोडून वातानुकूलन आणले, आणि यात्रेकरूंची संख्या वाढल्यामुळे २०१४ मध्ये ते बदलून नवे बसविले. मायकेलअँजेलोच्या चित्रांसाठी ते योग्यच. गावच्या चर्चला ते बिल झेपणारे नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे परत येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन करून झोपलेल्या गावांवर भूकंप कोसळला. किल्लारीचे नाव जगभर झाले, पण आजच्या उमरगा आणि लोहारा तालुक्यांतील सास्तूरसारख्या गावांनीही तेवढेच भोगले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. काही अंदाज त्याहून मोठे आहेत. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर्षानुवर्षे थर चढून दीड-दोन फूट झालेले मातीचे छत ह्यांनी त्यांना गाडले. ज्या घराने चाळीस अंशांचा उन्हाळा बाहेर ठेवला त्यानेच घात केला. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली, आणि माळवदाची जागा सिमेंटच्या स्लॅबने घेतली. साणे गेले. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडीत राहतो. भूकंपातून वाचलेल्या माणसाला तो सुरक्षित वाटतो, आणि त्याच स्लॅबखाली झोप येत नाही म्हणून तो अंगणात बाज टाकतो.

शाळा, समाजमंदिरे आणि चर्च ह्यांची नवी बांधणीही स्लॅबची. हवेसाठी कंत्राटदारांनी अठरा-वीस फुटांवर लोखंडी चौकटीच्या खिडक्या ठेवल्या, हे चांगले केले. उष्ण हवा हलकी होऊन वर जाते आणि वरून बाहेर पडली की खालून गार हवा आत ओढली जाते. वर एक आणि खाली एक अशी चौरस मीटरभराची तोंडे असली, दोहोंत सहा मीटरांचे अंतर असले आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच अंशांनी उष्ण असली, तर वारा पडलेला असतानाही तासाला सुमारे दोन हजार घनमीटर हवा आपोआप बदलते. वीस मीटर लांब आणि आठ मीटर रुंद दालनातील सगळी हवा दोनदा. मात्र वैशाखातल्या दुपारी बाहेरची हवाच आतल्यापेक्षा तापलेली असते, आणि तेव्हा खिडकी उघडणे म्हणजे भट्टी आत घेणे. आमच्या भागात उंच खिडकी संध्याकाळी उघडायची, रात्रभर उघडी ठेवायची आणि सकाळी दहाच्या आत मिटायची असते. वर्षातून दोनदा हात लावण्याची खिडकी असती तर शिडी पुरली असती. दिवसातून दोनदा शिडी कोणी चढत नाही.

आमच्या चर्चमध्ये चढत होते. देखभाल पाहणारे साठी उलटलेले एक गृहस्थ आकडी लावलेला बांबू घेऊन शिडीच्या अर्ध्यावर जात आणि एकेक झडप ओढीत. एका मार्चमध्ये शिडी सरकली. मांडीचे हाड मोडले. ते पुन्हा नीट चालू शकले नाहीत. त्यांच्या मुलाने ते काम घेण्यास नकार दिला, आणि त्याला बोल लावणे आम्हाला जमले नाही. त्या दिवसापासून आठही खिडक्या मिटल्या त्या कित्येक वर्षे. उन्हाळ्यातील मिस्साला म्हातारी माणसे भोवळ येऊन बसू लागली. वर फिरणारे पंखे तापलेली हवा पुन्हा खाली ढकलीत होते. करोनाच्या साथीत, मे २०२१ मध्ये, केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने बंदिस्त जागेत हवा खेळती ठेवण्याचे आवाहन केले, तेव्हा ते पत्रक आमच्या दारावर लागले आणि त्याच्याच वर पंधरा फुटांवर खिडक्या बंद होत्या.

शेवटी समिती बसली. तरुणांचे मत रिमोटच्या बाजूने होते, आणि ते फॅशनपायी होते असे आम्हाला वाटले नाही. शिडीवरून कोणी पडू नये हीच त्यांची तळमळ होती. विरुद्ध बाजूचा मुद्दा एका शेतकरी बांधवाने मांडला. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट त्यांना आठवत होती. वादळ आले की खिडकी मिटायची असते, आणि वादळ आले की आधी वीज जाते. भारनियमन पूर्वीइतके राहिलेले नाही, तरी हे खरेच. शिवाय रिमोटचा सेल संपला किंवा डबीतील मोटार जळाली तर कारागीर सोलापूरहून यायचा, आणि तोवर झडप आहे तेथेच अडकून राहायची. हँडलच्या यंत्राला गावचा लोहार तेल घालू शकतो, दाता मोडला तर डागही देऊ शकतो.

दोन्ही बाजूंनी थोडे मिळाले. दोन्ही बाजूंच्या भिंतींतील तीन-तीन खिडक्या एकेका दांड्याला जोडल्या आणि मळसूत्राचे हँडल खाली आणले. वेदीच्या वरच्या दोन खिडक्यांपर्यंत दांडा नेला तर भिंतीवरील क्रुसाच्या आड आला असता. तेथे २४ व्होल्टच्या मोटारी आणि बॅटरी. सहाही चौकटींना आतून जाळी लावली, कारण खिडक्या उघडताच पारव्यांनी पहिल्याच आठवड्यात हक्क सांगितला. जाळीने हवा थोडी अडते, आणि तिच्यावरील धूळ झाडायला वर्षातून एकदा परांची बांधावीच लागणार आहे. तो दिवस दिवाळीआधीचा ठरविला आहे.

हँडल सामानाच्या खोलीत कुलपात ठेवावे असे प्रथम ठरले होते, हरवू नये म्हणून. महिला मंडळाने हरकत घेतली : किल्ली ज्याच्याकडे असेल तो लग्नाला गेला की खिडक्याही लग्नाला गेल्या. आता ते दाराच्या आत, जमिनीपासून चार फुटांवर, खिळ्याला अडकविलेले असते. एप्रिलपासून संध्याकाळच्या रोझरीला जी मंडळी प्रथम येतात त्यांतील कोणीही ते काढते, चौदा-पंधरा फेरे देते, आणि वरच्या तिन्ही झडपा एकदम बाहेर झुकतात.